आपल्या मालाचे फोटो, दुसऱ्याचे दुकान: नक्कल झालेल्या ऑनलाइन दुकानाविरुद्ध काय करावे आणि कोणत्या क्रमाने

येवल्यात आणि पैठणमध्ये हातमागावर पैठणी विणणारी अनेक कुटुंबे आता आपला माल इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगवरून थेट गिऱ्हाइकाला विकतात. दुकानाचा फलक, मागावर चढलेला पदर, काठातील मोराचा जवळून घेतलेला फोटो आणि साडी उलगडून दाखवणारी छोटी चित्रफीत एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो, आणि फसवणूक करणाऱ्यालाही नेमके एवढेच साहित्य लागते. तो हे सारे फोटो उतरवून घेतो, दुकानाच्या नावात एखादे टिंब किंवा जादा अक्षर घालून नवे खाते उघडतो, "दुकान बंद होत आहे, उरलेला माल निम्म्याहून कमी दरात" अशी पैसे भरून जाहिरात लावतो आणि प्रतिक्रियांचा रकाना बंद ठेवून सगळी बोलणी खासगी संदेशात करतो. पैसे आगाऊ भरणाऱ्याला पुढे काहीच मिळत नाही. घरपोच रोखीने पैसे देणाऱ्याला पाकिटातून छापील नक्षीची पॉलिस्टर साडी मिळते. मग तेच गिऱ्हाईक मूळ विक्रेत्याला शोधून काढून शिव्या देते, कारण पार्सल ज्या फोटोवर विश्वासून मागवले, त्यात फलक त्याच्याच दुकानाचा असतो.

हा लेख मुख्यतः त्या मूळ विक्रेत्यासाठी आहे. उदाहरण पैठणीचे घेतले असले, तरी कोल्हापुरी चप्पल, देवगडचा हापूस किंवा घरगुती मसाले विकणाऱ्यालाही हीच वाट धरावी लागते. या प्रकरणांत काय करावे हे बहुतेकांना ढोबळमानाने माहीत असते. गफलत होते ती क्रमात. संतापाच्या भरात पहिला संदेश थेट त्या बनावट खात्यालाच जातो, खाते आपल्याला ब्लॉक करते, नाव बदलते आणि हाती काहीच उरत नाही. म्हणून आधी पुरावा, मग गिऱ्हाइकांना सूचना, मग पैशाची वाट बंद करणे, त्यानंतर खाते व जाहिरात उतरवणे आणि त्याच्या जोडीने पोलिसांकडील तक्रार हा क्रम शक्यतो मोडू नये.

पहिला तास: पुरावा

बनावट खाते दिसताच त्याला काहीही न कळवता त्याच्या पानाची नोंद करायला घ्यावी. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून ॲप उघडण्यापासून सुरुवात करावी, खात्याचे नाव शोधावे, पान वरपासून खालपर्यंत सरकवावे, चोरलेला प्रत्येक फोटो उघडून दाखवावा आणि शेवटी त्या पानाचा दुवा कॉपी करून नोंदवहीत चिकटवावा. खात्याचे दिसणारे नाव मिनिटभरात बदलता येते, त्यामुळे नावाबरोबर पूर्ण दुवा, तारीख आणि वेळ असायलाच हवी. इन्स्टाग्रामवर खात्याविषयीची माहिती उघडली की ते कधी सुरू झाले आणि पूर्वी त्याचे नाव बदलले होते का, हे बऱ्याचदा दिसते. फेसबुकच्या पानावर पारदर्शकतेच्या भागात पान कधी तयार झाले, आधीची नावे कोणती होती आणि चालवणारे कोणत्या देशात आहेत हेही कळते. गेल्या महिन्यापर्यंत मोबाइलची कव्हरे विकणारे पान आज येवल्याची पैठणी विकत असेल, तर ती एक नोंद पुढच्या प्रत्येक तक्रारीत उपयोगी पडते.

नंतर मेटा ॲड लायब्ररी, म्हणजे फेसबुक व इन्स्टाग्रामवरील जाहिरातींचा शोध घेण्याचे पान, उघडावे. हे सर्वांना खुले आहे आणि त्यासाठी खाते लागत नाही. देश भारत निवडून आपल्या दुकानाचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीतल्या दोन-तीन स्पेलिंगांनी शोधावे, म्हणजे सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात आणि प्रत्येक जाहिरातीचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. तो क्रमांक टिपून घ्यावा, कारण एकाच टोळीची चार-पाच पाने एकाच वेळी चालू असणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि एक पान उतरले तरी दुसऱ्यावरून तीच जाहिरात सुरू राहते. आपले सर्वांत जास्त खपणारे तीन-चार फोटो गूगल लेन्स आणि टिनआयवर टाकून ते आणखी कुठे वापरले आहेत हेही पाहावे.

आता सर्वांत उपयोगाचा पुरावा, म्हणजे पैसे कुठे जातात तो. यासाठी पैसे पाठवण्याची गरज नसते. ओळखीच्या कोणाला तरी साधे गिऱ्हाईक म्हणून चौकशी करायला सांगावे आणि क्यूआर कोड मागवावा. तो आपल्या यूपीआय ॲपमध्ये उघडला की पैसे भरण्याआधीच खातेदाराचे नाव आणि यूपीआय आयडी दिसतो. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट घेऊन मागे फिरावे. आयडीतील ॲट या चिन्हानंतरचा भाग कोणत्या बँकेचा किंवा ॲपचा आहे हे सहज शोधता येते, आणि तक्रार कोणाकडे करायची ते त्यावरून ठरते. बनावट दुकान स्वतंत्र संकेतस्थळ असेल, तर पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन कोणता पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) वापरला आहे आणि तेथे व्यापाऱ्याचे नाव काय दिसते हे टिपावे. हूइज या खुल्या नोंदीतून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कधी आणि कोणत्या नोंदणी संस्थेकडून घेतले हे कळते. "१९८५ पासून आपल्या सेवेत" म्हणणाऱ्या दुकानाचे डोमेन तीन आठवड्यांचे निघाले, तर वेगळे काही सिद्ध करावे लागत नाही.

दुसऱ्या बाजूने आपला मालकी हक्कही कागदावर असला पाहिजे. फोटोची मूळ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून थेट निघालेली प्रत, जपून ठेवावी. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून गेलेल्या प्रतीतून फोटो कधी व कोणत्या उपकरणाने काढला ही दडलेली माहिती गळून जाते, त्यामुळे तिथून परत उतरवलेली प्रत दुबळी ठरते. त्याच वेळी काढलेले पण कधीच प्रसिद्ध न केलेले दोन-चार फोटो असतील तर फारच उत्तम, कारण ते चोराकडे असूच शकत नाहीत.

गिऱ्हाइकांना सूचना

ही सूचना पुराव्याचे काम संपताच, त्याच दिवशी द्यावी. ती छोटी आणि थंड डोक्याने लिहिलेली असावी. उदाहरणार्थ: "आमच्या दुकानाचे नाव आणि फोटो वापरून दुसरे एक खाते आगाऊ पैसे घेत आहे. आमचे इन्स्टाग्रामवर हे एकच खाते आहे. आम्ही याच क्रमांकावर आणि आमच्या दुकानाच्या नावावर असलेल्या चालू खात्यातच पैसे स्वीकारतो. अन्यत्र पैसे भरले गेले असल्यास लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि आम्हालाही कळवावे." यात बनावट खात्याचा थेट दुवा देऊ नये, कारण उत्सुकतेपोटी तिथे गेलेल्यांमुळे त्याची पोच वाढते. क्यूआर कोडवर दिसलेले माणसाचे नावही जाहीर करू नये. ती व्यक्ती बहुधा काही हजार रुपयांसाठी आपले बँक खाते भाड्याने दिलेली कोणी असते, आणि तिला चौकात उभे करण्याच्या नादात बदनामीचा दावा आपल्याच गळ्यात पडू शकतो. "सगळ्यांनी मिळून रिपोर्ट करा" या आवाहनाचाही मला फारसा उपयोग दिसत नाही. किती जणांनी तक्रार केली यावर निर्णय होत नाही; हक्कदाराने योग्य फॉर्म भरून केलेली एक तक्रार शंभर जणांच्या रागापेक्षा जास्त चालते.

पैशाची वाट बंद करणे

खाते उतरवल्याने चोराचे फारसे बिघडत नाही, कारण नवे खाते उघडायला त्याला दहा मिनिटे लागतात. नवे बँक खाते किंवा नवा पेमेंट गेटवे मिळवायला मात्र वेळ आणि पैसा लागतो. म्हणून गोळा केलेला यूपीआय आयडी संबंधित बँकेच्या आणि ॲपच्या तक्रार विभागाला, पेमेंट गेटवेचे नाव त्या कंपनीच्या फसवणूकविरोधी विभागाला आणि मालाच्या पाकिटावरील माहिती कुरिअर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावी. बँक तुम्हाला खातेदाराची माहिती देणार नाही आणि बहुधा कारवाई झाली की नाही हेही सांगणार नाही. तरी ईमेल पाठवलेला असणे महत्त्वाचे, कारण पुढे पोलिसांनी विचारले तर बँकेला कधीपासून माहिती होती हे त्यातून ठरते.

पैसे गेलेल्या गिऱ्हाइकाने १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करणे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवणे हे काम स्वतः करायचे असते, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेलेले असतात. फोन करताना व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचे नाव हाताशी हवे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पुढे सरकत असताना ती जिथे सापडेल तिथे रोखून धरण्याची ही व्यवस्था आहे, त्यामुळे पहिले काही तास निर्णायक ठरतात. दोन दिवस दुकानदाराशी वाद घालून मग फोन करणाऱ्याची रक्कम तोवर एटीएममधून बाहेर पडलेली असते.

रोखीने घरपोच मागवले म्हणजे सुरक्षित, हा समज आता सोडायला हवा. या प्रकारात पैसे कुरिअरच्या माणसाने घेतलेले असतात आणि ते पाठवणाऱ्याच्या खात्यात लगेच नव्हे, काही दिवसांनी जमा होतात. त्या मधल्या दिवसांत पार्सलचा क्रमांक देऊन कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार गेली, तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता असते. म्हणून गिऱ्हाइकाला पाकिटावरचे लेबल फाडून न टाकता त्याचा फोटो पाठवायला सांगावे. त्यावर पाठवणाऱ्याचे नाव, परत पाठवण्याचा पत्ता आणि कधी कधी जीएसटी क्रमांकही असतो. हा पंधरा अक्षरांचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०. येवल्याचे म्हणवणाऱ्या दुकानाच्या लेबलवर दुसऱ्याच राज्याचा क्रमांक असेल, तर तपासाची दिशा तिथूनच सुरू होते. चोराने तुमचाच जीएसटी क्रमांक छापलेला असू शकतो हेही ध्यानात असू द्यावे, आणि तसे आढळल्यास ते तक्रारीत ठळकपणे लिहावे.

खाते, जाहिरात आणि संकेतस्थळ उतरवणे

इथे दोन वेगवेगळे फॉर्म असतात आणि त्यांची गल्लत होते. दुसरा कोणी तुमचे दुकान असल्याचे भासवत असेल, तर तोतयेगिरीचा फॉर्म; तो फक्त तुमचे फोटो वापरत असेल, तर कॉपीराइटचा फॉर्म. दोन्ही होत असतील तर दोन्ही भरावेत, पण माझ्या मते कॉपीराइटचा आधी. तोतयेगिरीत "हे दुकान तुमचेच कशावरून" हा वाद उभा राहतो आणि उद्यम नोंदणी, दुकानाचा परवाना असे कागद मागितले जातात. कॉपीराइटच्या तक्रारीत मूळ फोटोचा दुवा आणि चोरलेल्या फोटोचा दुवा शेजारी शेजारी ठेवला की तपासणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. पानाचा एकच दुवा देऊन "सगळे फोटो आमचे आहेत" असे लिहू नये. प्रत्येक फोटोची जोडी स्वतंत्र द्यावी, आणि जाहिराती पानापासून वेगळ्या धरून त्यांचे क्रमांकही द्यावेत.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली फोटो काढल्याक्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. मात्र एखाद्या इन्फ्लुएन्सरने फुकट साडीच्या बदल्यात चित्रफीत करून दिली असेल, तर हक्क कोणाचा यावर वाद होऊ शकतो, तेव्हा दोन ओळींचे का होईना लेखी ठरवून घ्यावे. आणि एक कटू गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. घाऊक व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमधील फोटो आपल्या पानावर लावून विक्री करणाऱ्याला या मार्गाने तक्रार करता येत नाही, कारण ते फोटो त्याचेही नसतात. त्याचप्रमाणे हक्क फोटोवर आहे, नक्षीवर असेलच असे नाही; बांगडी मोर, आसावली किंवा मुनिया ही परंपरेची नक्षी आहे आणि तिच्यावर कोणा एका दुकानाला मालकी सांगता येणार नाही.

फॉर्मने काम झाले नाही, तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतील नियम ७५ चा आधार घेऊन लेखी नोटीस पाठवता येते. अशी रीतसर तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ कंपनीने, म्हणजे ज्या सेवेवर ते पान आहे तिने, ३६ तासांत तो मजकूर लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची असते. मात्र ही बंदी २१ दिवसांची असते, आणि तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणून देऊ अशी हमी तक्रारदाराला त्या नोटिशीतच द्यावी लागते, त्यामुळे ती वकिलाला दाखवूनच पाठवावी. याशिवाय २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. हा शेवटचा मार्ग छोट्या विक्रेत्यांना सहसा ठाऊकच नसतो.

स्वतंत्र संकेतस्थळाच्या बाबतीत दुकान उभारून देणारी सेवा, होस्टिंग कंपनी आणि डोमेन नोंदणी संस्था या तिघांना एकाच दिवशी कळवावे, आणि गूगलच्या सेफ ब्राउझिंगकडेही ते पान फसवे असल्याची नोंद करावी. मोठ्या बाजारपेठांवर, म्हणजे ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर, त्यांच्या बौद्धिक संपदा विभागाचा फॉर्म वापरावा; तिथे विक्रेत्याचे नाव व पत्ता २०२० च्या ई-व्यापार नियमांमुळे पानावर दाखवलेला असतो, तो आधी टिपून घ्यावा.

व्हॉट्सॲपवर तक्रार करताना एक खबरदारी हवी. आधी चॅट एक्सपोर्ट करून जपून ठेवावी आणि मगच रिपोर्ट करावे. रिपोर्ट केल्यावर व्हॉट्सॲपकडे फक्त शेवटचे पाच संदेश जातात, आणि घाईत चॅट पुसली गेली तर तुमच्याकडे तेवढेही उरत नाहीत.

पोलिसांकडे

"माझे पैसे गेले नाहीत, मग मी काय तक्रार करणार" या विचाराने पुष्कळ विक्रेते पोलिसांकडे जातच नाहीत. वास्तविक दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणे हाच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीला आणि ३१९ तोतयेगिरीला लागू होते. आणि फोटोंसाठी कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ आहे. तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा पोर्टलवर करावी. अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नसावा: आपण कोण, दुकान कधीपासून, बनावट खात्याचा दुवा, ते पहिल्यांदा केव्हा दिसले, यूपीआय आयडी, फसलेल्या गिऱ्हाइकांची संख्या आणि त्यांच्या तक्रारींचे पोच क्रमांक. बाकी सारे जोडपत्रात. ज्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केले तो विकू किंवा रीसेट करू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते सोपे जाते. सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.

फसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलताना

ज्या बाईंनी मुलीच्या लग्नासाठी आगाऊ पैसे भरले त्या चिडूनच फोन करणार. "ते आमचे दुकान नाही" एवढे सांगून फोन ठेवला, तर कायद्याने तुम्ही बरोबर असाल, पण एक साक्षीदार गमावलेला असेल. त्यांच्याकडे व्यवहाराचा क्रमांक, चॅट आणि लेबल आहे, आणि तुमच्या अर्जाला खरे वजन त्यानेच येते. पैसे परत करण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही हे पहिल्याच बोलण्यात स्पष्ट, पण सौम्यपणे सांगावे. सहानुभूतीपोटी अर्धे पैसे देण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण त्याचा अर्थ पुढे "दुकानाने जबाबदारी मान्य केली" असा लावला जाऊ शकतो. खरेदी एखाद्या मोठ्या बाजारपेठेवरून झाली असेल, तर त्यांना १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि ई-जागृती पोर्टल सुचवावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. आलेली साडी खरी की खोटी असा प्रश्न त्यांनी विचारला, तर पदर उलटा करून पाहायला सांगावे. हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची, आणि मागची बाजू फिकी व कोरी असेल तर नक्षी छापलेली आहे.

पुढच्या वेळेसाठी

फोटोच्या कोपऱ्यात नाव टाकून काही साधत नाही, कारण कोपरा कापता येतो आणि मधोमध टाकलेली खूणही आता मोबाइलवर क्षणात पुसता येते. त्याऐवजी फोटोतच न पुसता येणारे काही असावे: मागावर बसलेल्या विणकराचे हात, साडीच्या घडीत अडकवलेली दुकानाची लाकडी पाटी, मालाशेजारी नाव घेऊन बोलणारी घरातील व्यक्ती. बोललेली चित्रफीत चोरायला सर्वांत अवघड जाते.

खरा कायमचा उपाय ट्रेडमार्क नोंदणीचा आहे. वैयक्तिक नावावर अर्ज करणाऱ्याला, स्टार्टअपला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडते, इतरांना ९,०००. साड्यांसाठी साधारणपणे २४ आणि २५ हे वर्ग पाहतात, चपलांसाठी २५. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि नूतनीकरण करता येते. बाजारपेठांच्या ब्रँड संरक्षण व्यवस्थेत शिरण्यासाठीही बहुधा हाच कागद मागतात. मात्र "पैठणी" हा शब्द कोणाच्याही मालकीचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. ते भौगोलिक मानांकन आहे, आणि विणकराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवले, तर नकली मालाविरुद्ध दाद मागण्याचा स्वतंत्र अधिकार त्याला मिळतो. कोल्हापुरी चप्पल आणि हापूस यांनाही मानांकन आहे. सहकारी संस्थेमार्फत हे काम एकत्रित केले तर एकेकट्याची धावपळ वाचते.

यानंतर उरते ती नियमित पाहणी. अक्षय्य तृतीया, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई यांच्या आधीचे तीन-चार आठवडे बनावट जाहिराती सर्वांत जास्त निघतात. त्या काळात घरातील एकाकडे दर सोमवारी अर्धा तास हे काम सोपवावे: ॲड लायब्ररीत नाव शोधणे, चार फोटो लेन्सवर टाकणे, आणि काही सापडो वा न सापडो, तारखेसह नोंदवहीत एक ओळ लिहिणे.